नवरी धूसर, करवली स्पष्ट

पंच्याऐंशीची घ्यावी की पन्नासची, या प्रश्नावर आमच्या जुन्नरच्या कॉलनीत दोन तट पडले, तेव्हा त्यांतल्या निम्म्या लोकांना मी कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल बोलतोय हेच ठाऊक नव्हतं. शेजारच्या दादाभाऊंना तर बरेच दिवस मी म्हैस घेतोय असं वाटत होतं. "पन्नासची घेऊ नका, भाऊसाहेब," ते कळकळीने म्हणाले, "त्या भावात दुधाची मिळत न्हाई."

मी इथल्या एका शाळेत क्लार्क आहे आणि लग्नसराईत फोटो काढतो. नाव ज्ञानेश्वर, पण ते फक्त आई वापरते. बाकी सगळ्यांचा मी भाऊसाहेब. आमच्या भागात क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात आणि त्यात आदर आहे, हे मला मान्य. पण अडतिशीला आलेल्या, लग्न न जमलेल्या माणसाला तालुक्यातल्या प्रत्येक उपवर मुलीने उठता-बसता 'भाऊ' म्हणावं आणि वर 'साहेब' जोडून तक्रारीलाही जागा ठेवू नये, यातलं क्रौर्य अजून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तर लेन्स. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली जी लेन्स असते, ती मांडवात आंधळी होते. बाहेर रणरणतं ऊन, आत लाल-पिवळ्या कापडाखाली अंधार; त्यामुळे माझ्या फोटोंतले वऱ्हाडी अर्धे कावीळ झाल्यासारखे आणि अर्धे भाजल्यासारखे दिसत. दादाभाऊंच्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम मी मोठ्या उमेदीने त्यांना दाखवला, तर ते म्हणाले, "चांगले आलेत. सगळ्यांचं आधार कार्ड काढल्यासारखं वाटतं."

या वाक्यानंतर माझी झोप उडाली. खरं तर मला हवी होती ती मोठी, पांढरी, दुर्बिणीसारखी लेन्स. नारायणगावच्या एका लग्नात पुण्याहून आलेल्या फोटोग्राफरने ती मला क्षणभर हातात दिली होती. दुसऱ्याचं बाळ घ्यावं तशी मी घेतली आणि तशीच परत केली. ती घ्यायची तर आईच्या पाटल्या मोडाव्या लागल्या असत्या, आणि त्या पाटल्या आईने माझ्या होणाऱ्या बायकोसाठी ठेवलेल्या. बायको नाही म्हणून तिच्या पाटल्या मोडणं मला बरं वाटेना.

उरल्या दोन. पन्नास मिलिमीटरची स्वस्त आणि हलकी, पण हातात घेतली की खेळण्यातली वाटते. पंच्याऐंशीची महाग, पण चेहरा असा काढते की मागचं सगळं विरघळून जातं. आमच्याकडच्या लग्नांत नवरा-नवरीच्या मागे पाण्याचा टँकर, आचाऱ्याची भगुली किंवा चुलत्याचा नवा ट्रॅक्टर उभा असतोच. हे सगळं विरघळलेलंच बरं. म्हणून ठरलं, पंच्याऐंशीची घ्यायची, पण जुनी.

घोडेगावच्या भगवंतने फोटो स्टुडिओ बंद करून मोबाइलचं दुकान टाकलं होतं आणि त्याच्याकडे एक पडून होती. दादाभाऊ बरोबर आले. त्यांना लेन्समधलं काही कळत नाही, पण बैलबाजाराचा जन्मभराचा अनुभव. त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली, फुंकर मारली, कानाशी नेऊन हलवली. फक्त दात बघायचे राहिले. मी भगवंतचाच एक फोटो काढून पाहिला. त्याच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं लख्ख आलं होतं की तिथी-नक्षत्रं वाचता येत होती. भगवंतचा चेहरा जरा मऊ आला होता.

"बघा, कॅलेंडर बघा," भगवंत म्हणाला. "असं कॅलेंडर दुसऱ्या लेन्सवर यायचं न्हाई, राव."

आम्ही तिघांनी त्या कॅलेंडरचं मनापासून कौतुक केलं आणि लेन्स घेतली. घासाघीस करून दादाभाऊंनी पुढचं झाकण फुकट मिळवलं. ते लेन्सबरोबरच येतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पहिलं काम आलं घाटघरचं. नाणेघाटाच्या अंगचं डोंगरातलं गाव. तिथल्या गजराबाईंच्या धाकट्या मुलीचं, आशाचं लग्न होतं. जागा आधी पाहून ठेवावी म्हणून मी एका रविवारी घाटघरच्या एस.टी.त बसलो, लेन्स टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेली.

"भाऊसाहेब, मांडीवर काय, कुकर हाय का?"

वर पाहिलं, तर खाकी साडीतली कंडक्टर. मी म्हणालो, लेन्स आहे.

"मग तिला तिकीट न्हाई. पण घट धरा, पुढं वळणं लई हायेत." तिकीट देताना ती म्हणाली, "आशाचं लग्न तुमच्याकडंच दिलंय ना? मी तिची थोरली बहीण, इंद्रायणी. चुलत भाच्याचा दाखला तुमच्याच शाळेतनं नेला व्हता मी. तुमी त्यावर तीनदा शिक्का मारला व्हता."

मी म्हणालो, पहिले दोन नीट उमटले नव्हते. "तेच म्हणते," ती म्हणाली आणि पुढे गेली. एवढंच बोलणं. पण पुढे एक म्हातारी पैशांच्या पुरचुंडीची गाठ सोडत बसली, तेव्हा ही शांत उभी राहून म्हणाली, "सावकाश सोड, आजी. गाव कुठं पळून चाललंय?" आणि मला उगीचच वाटलं, या बाईजवळ वेळ आहे. माझ्या ओळखीत वेळ असलेलं माणूस फार नाही.

लग्नाच्या दिवशी खाकी गेली आणि हिरवी साडी आली. करवली बिनलग्नाची लागते, म्हणून थोरली असूनही इंद्रायणीच हातात करा घेऊन नवरीच्या पाठीशी उभी होती. धाकटीचं आधी जमलं आणि थोरलीने नोकरी धरली, इतकं मला कळलं होतं. जास्त विचारायचा मला अधिकार नव्हता.

पंच्याऐंशीच्या लेन्सची गंमत अशी, की तिच्यात दोन माणसं मावायची तर फोटोग्राफरला मागे-मागे जावं लागतं. मी मांडवाच्या कडेपर्यंत गेलो. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, मी आणखी मागे गेलो आणि पाण्याच्या उघड्या पिंपात बसलो. कॅमेरा तेवढा दोन्ही हातांनी वर धरला होता. बुडतानाही माणसाने व्यवसाय विसरू नये. वऱ्हाडाने मंगलाष्टकं सोडून माझ्याकडे पाहिलं. हात देऊन मला बाहेर काढलं ते इंद्रायणीने. करा दुसऱ्या करवलीच्या हातात देऊन ती आली होती.

"साहेब, कुठं चाललाय एवढ्या लांब? नवरी हितं हाय," ती म्हणाली आणि स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल मला देऊन परत जागेवर जाऊन उभी राहिली. तिथून माझ्याकडे पाहून ती हसू दाबत होती. मग दाबेना, म्हणून तिने डोंगराकडे तोंड वळवलं. मी फोटो काढला. त्या क्षणी नवरा-नवरी नेमके काय करत होते, हे मला सांगता येणार नाही. फोटोवरूनही सांगता येत नाही.

घरी आल्यावर फोटो संगणकावर मोठे करून लावले. खुर्चीमागे आई आणि दादाभाऊ उभे. पहिला फोटो: नवरीचा चेहरा धुक्यात, आणि मागे इंद्रायणी इतकी स्पष्ट की कानावरची बट न बट मोजावी. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे तसेच. आशा धूसर, इंद्रायणी लख्ख. हार घालताना, सूत गुंडाळताना, सप्तपदीला.

"ही कोण रे?" आईने विचारलं.

"करवली."

"नवरी कुठाय?"

मी पिवळसर डागाकडे बोट दाखवलं. मग आईला आणि दादाभाऊंना समजावून सांगितलं की हा लेन्सचा एक प्रसिद्ध दोष आहे. लेन्स ज्याच्यावर धरावी त्याच्या थोडं मागचं ती धरते, घोडेगावच्या कॅलेंडरचंही तेच झालं होतं, आणि करवली नवरीच्या मागेच उभी असते. दादाभाऊ मान डोलावत होते. पुढचा फोटो आला. त्यात इंद्रायणी हळदी-कुंकवाचं तबक घेऊन नवरीच्या चांगली पुढे उभी होती. तिथेही तीच स्पष्ट होती आणि आशा मागे विरघळली होती.

दादाभाऊंची मान डोलायची थांबली. त्यांनी नुसता घसा साफ केला. आई मात्र त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "चेहरा समजूतदार आहे."

माझी कामाची नीती पक्की आहे. मी आशाच्या सासरी घोडेगावला जाऊन जोडप्याला पुन्हा लग्नाचे कपडे घालायला लावले आणि गच्चीवर कॅमेऱ्याबरोबर आलेल्या फुकटच्या लेन्सने खणखणीत फोटो काढून दिले. मग सगळा अल्बम घेऊन घाटघरला गेलो. आशा माहेरी आलेली होती. तिने पानं उलटली आणि म्हणाली, "आई, ह्यात माझं लगीन कुठं झालंय? ताईचं झालंय." सगळं घर हसलं. गजराबाई हसल्या नाहीत. त्या एकदा अल्बमकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या.

इतक्यात इंद्रायणी ड्यूटीवरून आली. खाकीतच खाली बसली आणि तो डोंगराकडे वळून हसतानाचा फोटो तिने हातात घेतला. फार वेळ बघितला. आयुष्यात तिचे फोटो निघाले होते ते ओळखपत्रापुरते, हे तिनेच नंतर कधी तरी बसमध्ये कुणाला सांगताना मी ऐकलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी अशी दिसते?"

या प्रश्नाला जगात हजार उत्तरं आहेत. कुठलंही चाललं असतं. मी म्हणालो, "नाही, तो लेन्सचा दोष आहे."

तिने फोटो खाली ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली.

जुन्नरसारख्या गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. पेठेतला किराणावाला म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचा फोकस डोंगराकडं लागलाय म्हणं." शिक्षकांच्या खोलीत मी गेलो की कुणी तरी खोकायचं. मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जावर सही करताना विचारलं, "लेन्स दुरुस्ती म्हणजे नेमकी कसली?" इतकी वर्षं मी या गावात एका शिक्क्याच्याही भानगडीत सापडलो नव्हतो. मला वाटलं, माझं जाऊ द्या. पण एका नोकरी करणाऱ्या मुलीचं नाव विनाकारण चर्चेत येतंय, हे थांबवलं पाहिजे. आणि क्लार्क माणसाला कुठलीही गोष्ट थांबवायचा एकच मार्ग माहीत असतो. मी ठरवलं, लेखी आणायचं.

पुण्याच्या दुरुस्ती केंद्रात टोकन घेऊन बसलो. खिडकीतल्या मुलाने बिल मागितलं. जुन्या लेन्सला बिल कसलं. मग त्याने तक्रारीचा प्रकार विचारला. मी म्हणालो, तक्रार नाही, दाखला हवाय. त्याच्या संगणकात तसा रकाना नव्हता. शेवटी आतून एक वयस्क तंत्रज्ञ आले. त्यांनी लेन्स तपासली, माझे फोटो पाहिले आणि म्हणाले, "दोष आहे. चारेक बोटं मागे पकडते. करून देतो दुरुस्त."

"तसं लिहून द्या."

"देतो. पण या बाई चार बोटं मागे नाहीत, दोन हात मागे आहेत." त्यांनी पुढचा फोटो लावला. "आणि इथे तर पुढेच आहेत."

"तुम्ही फक्त मागचं लिहा," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने लिहून दिलं. मी त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला, मूळ प्रत प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली आणि गजराबाईंना निरोप धाडला की रविवारी एका महत्त्वाच्या कामासाठी घरी येतोय. आईला विचारलं, येतेस का. कागद द्यायला जातोय म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि परत भाजी निवडायला घेतली.

दिवस आवणीचे, भाताच्या लावणीचे होते. घाटघरच्या खाचरांतून सगळं गाव चिखलात वाकलेलं, पण गजराबाईंच्या घरी मात्र त्या रविवारी ओसरी सारवलेली होती. वर सतरंजी टाकली होती. गावातले जाणते सावळेराम फेटा बांधून बसले होते. साक्षीदार असला तर बरंच, असं मला वाटलं. "या, पावणं," गजराबाई म्हणाल्या. एरवी त्या मला भाऊसाहेब म्हणत. आतून पोह्यांचा वास येत होता. आवणीच्या हंगामात मजुरांना पोहे करत असतील, असं मी धरून चाललो. आतल्या दाराआड हिरव्या साडीचा काठ दिसला. त्या दिवशी तिची सुट्टी होती.

सावळेरामांनी पाऊसपाण्याचं विचारलं, आईची तब्येत विचारली, पगार किती ते विचारलं. नोकरी कायम आहे का, तेही विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली; डोंगरातली माणसं आपुलकीने चौकशी करतात. मग ते म्हणाले, "हां, मग बोला. मनातलं बोला, लाजू नका."

मी पिशवीतून दाखला काढला आणि उभं राहून मोठ्याने वाचला. सदर लेन्स तपासली असता ती अपेक्षित जागेच्या मागील बाजूस केंद्रित होत असल्याचे आढळून आले. सावळेरामांनी गजराबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, भाषा कार्यालयीन झाली. म्हणून सोपं करून सांगितलं, की त्या फोटोंचा कुणी भलता अर्थ काढू नये, यंत्राची चूक होती.

गजराबाईंनी पदराने हात पुसले. "म्हंजी तुमच्या मनात तसलं काय नव्हतं?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "पूर्णपणे तांत्रिक."

दाराआडचा हिरवा काठ हलला आणि दिसेनासा झाला.

"बरं झालं सांगितलंत," गजराबाई म्हणाल्या. "पोहे घ्या."

पोहे फार सुंदर झाले होते. वर ओलं खोबरं होतं. ओलं खोबरं मजुरांच्या पोह्यांवर घालत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं ते परतीच्या बसमध्ये, निम्मी वाट उतरून आल्यावर. तिथून ती बस उलटी फिरवता येत नाही. मी ड्रायव्हरकडे पाहिलं, बाहेर पाहिलं, प्लॅस्टिकमधल्या दाखल्याकडे पाहिलं.

त्यानंतर मी घाटघरला बऱ्याचदा गेलो. घाटघरला माझं काहीही काम नव्हतं. कॅमेरा गळ्यात असला की माणसाला कुठेही जायला कारण लागत नाही, हा या धंद्याचा एक फायदा. जाताना मी मनात एक वाक्य तयार करत असे. ते छोटं होतं, त्यात 'दोष' हा शब्द नव्हता आणि त्याला शिक्क्याची गरज नव्हती. इंद्रायणी समोर येऊन उभी राहायची. "कुठं?"

"घाटघर. एक."

ती तिकीट द्यायची, सुटे पैसे मोजून हातावर ठेवायची आणि पुढे जायची. राग नव्हता, हेच वाईट होतं. माझ्याशीही ती तेवढ्याच सावकाशीने वागत होती, जेवढी त्या गाठ सोडणाऱ्या म्हातारीशी. एकदा बस जवळजवळ रिकामी होती आणि ती पुढच्या बाकावर बसून खाचरांतल्या पोपटी भाताकडे बघत होती. मी उठून तिथपर्यंत गेलो. तिने वळून विचारलं, "उतरायचंय का?" मी हो म्हणालो आणि कुठल्याशा वाडीला उतरलो. दुसरी गाडी मिळेपर्यंत तिथल्या दगडावर बसून होतो. लेन्स आता दुरुस्त झाली होती. भाताच्या लोंबीवर धरली तर लोंबीच स्पष्ट यायची.

दिवाळीनंतर गजराबाई शाळेत आल्या. माझ्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "इंद्रीचं ठरलं. आणे गावचा मच्छिंद्र म्हणून हाय. दुधाचा धंदा हाय, माणूस गरीब सोभावाचा हाय. तुमीच काढल्याला फोटू धाडला व्हता, त्यो बघून त्यांनी व्हय म्हणलं."

मी म्हणालो, छान झालं.

"फोटू तुमीच काढायचं. इंद्रीच म्हणली." मग त्यांनी पदर सावरला. "आमी वाट बघितली व्हती, भाऊसाहेब. दोन स्थळं परत धाडली. पण तुमी कागद आणला."

मी पेन उचललं आणि तारीख लिहून घेतली.

आणे पूर्वेच्या पठारावर आहे, वाऱ्याचं गाव. लग्न मुलाकडे होतं. मच्छिंद्र मला आवडू नये अशी माझी फार इच्छा होती. पण त्याने मी उतरल्या-उतरल्या स्वतः येऊन माझी बॅग घेतली आणि उन्हात उभं राहू नका म्हणाला. नवरदेव असून दोनदा विचारून गेला की भाऊसाहेब जेवले का. अशा माणसाचं काय करायचं.

लग्न लागलं. मी कुठल्याही पिंपात पडलो नाही. मग जोडप्याचा फोटो काढायला त्यांना मांडवाबाहेर, तिरप्या उन्हात उभं केलं. वाऱ्याने तिच्या शालूचा पदर उडत होता. मच्छिंद्रने तो धरून ठेवला आणि मग आपला हात फोटोत येईल म्हणून सोडला. मी मागे-मागे गेलो.

"साहेब," इंद्रायणी म्हणाली, "लेन्स ठीक हाय ना आता?"

"ठीक आहे. दुरुस्त करून घेतली."

"बरं केलंत."

तिने पदर खोचला, मान वर केली आणि सरळ लेन्समध्ये पाहिलं. इतके फोटो काढले होते मी तिचे. ती कधी माझ्याकडे बघत नव्हती. आता बघत होती, आणि त्यात काही मागणं नव्हतं, काही तक्रारही नव्हती. नुसतं, एक माणूस दुसऱ्याला निरोप देताना पाहतं तसं. मी मनात जुळवलेलं ते वाक्य आठवायचा प्रयत्न केला. मच्छिंद्र म्हणाला, "काढा, भाऊसाहेब." मी काढला. दोघंही स्पष्ट आले.

संध्याकाळी आळेफाट्याकडे जाणारी गाडी मिळाली. मागच्या बाकावर जागा होती. आण्याचं पठार सपाट आहे. तिथून गाडी निघाली की मागे राहिलेलं फार वेळ दिसत राहतं. मांडवाचं लाल कापड वाऱ्यावर फडफडत होतं आणि समोर माणसं हिंडत होती. त्या अंतरावरून कुणी ओळखू येणं शक्य नव्हतं. मी कॅमेरा बाहेर काढला नाही, नुसता बघत राहिलो.

घाटाच्या पहिल्या वळणावर ते कापड डोंगराआड गेलं. कंडक्टर बाजूला येऊन उभा होता आणि बहुधा दुसऱ्यांदा विचारत होता, "कुठं जायचंय, पावणं?"